हौसाक्काचा चिमटा

हौसाक्काला महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ती आधी चिमटा काढायची. दंडाला, कोपराच्या वर, मऊ जागा बघून. शेळ्यांच्या धारा काढून काढून तिची बोटं सांडशीसारखी झाली होती. चिमटा बसला की माणूस जागच्या जागी उडायचा. मग ती शांतपणे म्हणायची, "हां. आता ऐक." यामागं तिचं एक पक्कं मत होतं. "दुखल्याबिगार माणूस ऐकत न्हाई. निस्ती मान हालवतुया."

मला पहिला चिमटा बसला तो ओळख होण्याआधीच. मी परभणीहून नोकरीला आलेला, पुण्याजवळच्या माण गावात खोली शोधत होतो. तिच्या घरावर तिच्या मुलानं, दत्तूनं, ओळीनं चार खोल्या काढल्या होत्या. मी आपला नळाला पाणी किती वेळ येतं, पंखा आहे का, असं विचारत होतो आणि एकदम दंडात कळ गेली. मी ओरडलोच! वळून बघतो तर हिरव्या नऊवारीतली, कपाळावर गोंदण असलेली, हातात काठी घेतलेली बाई. म्हणाली, "जिन्यात लेंड्या दिसल्या तर बोंबलायचं न्हाई. कोकरं वर येत्यात. ती आदीपास्नं हितली हायेत, तू आत्ता आलास." अशी खोली मला आयुष्यात कुणी दाखवली नव्हती. मी इतका हबकलो की मुकाट्यानं हो म्हणून टाकलं.

त्यांची खालची शेतं आयटी पार्कात गेली होती. मी ज्या खुर्चीत बसून प्रोग्राममधल्या चुका शोधायचो तिथं, दत्तूच्या म्हणण्याप्रमाणं, त्यांची विहीर होती. हे कळल्यावर दोन दिवस मला त्या खुर्चीत नीट बसवेना. उरला होता फक्त डोंगराच्या अंगाचा माळ. तिथं बिरोबाचं ठाणं होतं, म्हणजे शेंदूर फासलेले तीन दगड आणि एक खैराचं झाड. आणि तिथंच हौसाक्काची साठेक शेळ्या-मेंढरं चरायची. माळ तिच्या नावावर होता. तिचा नवरा जाताना म्हणाला होता, "समदं गेलं तरी चालंल, ह्यो ठेव. न्हाईतर मेंढरू कुटं हुबं ऱ्हाईल?" एवढी एकच गोष्ट ती चिमटा न काढता सांगायची.

रविवारी दुपारी आम्ही चौघं भाडेकरू माझ्या खोलीत एक खेळ खेळायचो. त्याला पट नाही, पत्ते नाहीत. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक वीर व्हायचं. वीर काय करणार ते आपण ठरवायचं, आणि ते जमलं की फसलं ते वीस तोंडांचा फासा ठरवणार. अमरावतीचा सुहास गोष्ट सांगायचा. त्याच्याजवळ खेळाच्या नियमांच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स होती आणि ती तो पोथीसारखी कापडात बांधून ठेवायचा.

एका रविवारी दारावर काठी आपटली आणि हौसाक्का आत. खाली फासे, भोवती चार बाप्ये. तिचा चेहरा जो काय झाला! "जुगार! माज्या घरात जुगार!" सुहासच्या तोंडातला चहा बाहेर आला. आम्ही देवाशपथ सांगितलं की आक्का, यात पैसा नाही, पैज नाही. तिचा विश्वास बसला नाही. "बसतेच हितं. बगते कोन काय जितताय ते." आणि ती उंबऱ्यात बसली. वाटलं, पाच मिनिटांत कंटाळून उठेल. कसलं काय! ती संध्याकाळी शेळ्या ओरडायला लागल्या तेव्हा उठली, आणि पुढच्या रविवारी आमच्याआधी येऊन बसली.

त्या पुढच्या रविवारी सुहासनं आमच्या तीन वीरांसमोर एक राक्षसीण आणली. तोंड बाईचं, अंग पक्ष्याचं. दरीच्या पलीकडच्या सुळक्यावर बसून ती गाते. हौसाक्कानं तिचं लगेच बारसं केलं, "घारबाई." सुहास नियम सांगायला लागला. गाणं ज्याच्या कानावर पडेल त्यानं फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर सुटला, लहान आला तर भुलला. भुललेला वीर दुसरं काही करत नाही, सगळ्यात जवळच्या वाटेनं तिच्याकडे चालत सुटतो.

"आन् वाटंत दरी आसली तर?" हौसाक्कानं विचारलं.

"काठावर आला की आणखी एकदा फासा. तिथं जागा झाला तर वाचला."

"आन् कापूस घातला कानात तर?"

"मग गाणं ऐकूच येत नाही. पण सोबत्यांची हाकही ऐकू येत नाही."

"मंग त्यो काय उपेगाचा. आन् कुणी त्याला दगूड हानला तर?"

सुहास तिच्याकडे बघतच राहिला. त्यानं पानं उलटली आणि बोट ठेवून वाचलं. भुललेल्याला मार बसला, इजा झाली, की त्याला पुन्हा फासा टाकता येतो. आमच्यापैकी कुणी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. ज्या बाईनं शाळेचं तोंड पाहिलं नाही तिनं उंबऱ्यात बसून पुस्तकातला नियम सांगितला. 

"आक्का, तुम्हाला कसं कळलं?"

तिनं सुहासला चिमटा काढला. त्याला पहिलाच, बिचारा कळवळला. आणि मग तिनं सांगितलं. लग्नाआधीची गोष्ट. मुळशी धरणाच्या कडेला ती एकटी मेंढरं राखत होती आणि धुकं उतरलं. पोरगी दिसेना म्हणून पलीकडच्या काठावरनं तिचा बाप हाका मारायला लागला. बाप तिला बोलवत होता, पण मेंढरांना काय ठाऊक! धन्याचा आवाज ओळखीचा. पुढची मेंढी वळली आणि आवाजाच्या दिशेनं सरळ पाण्याकडे निघाली. तिच्यामागं अख्खा कळप.

"वरडून बगितलं, आडवी झाले. न्हाई थांबली. मंग दगूड उचालला. ती मेंढी माज्या हातावर वाडल्याली, चंद्री नाव तिचं. पाय मोडला तिचा. हुबी ऱ्हायली आन् मागची समदी हुबी ऱ्हायली." हौसाक्कानं काठी मांडीवर आडवी घेतली. "बापाचीच हाक हुती. मायेचीच. तरीबी बुडवाय निगाली हुती. म्हनून सांगते, आपल्याला आपल्याच मानसानं मारावं. परक्याचा मार निस्ता लागतोय."

मग सुहासनं फासे दिले. माझा आकडा मोठा आला, मी सुटलो. आमच्यातला नितीन आणि चौथा गडी, दोघंही भुलले आणि दरीकडे चालू लागले. मी वीर ना! मी तलवार उपसली आणि घारबाईवर बाण टाकू की वळसा घालून जाऊ, असा विचार करत बसलो.

"आरं मुडद्या," हौसाक्का कडाडली, "ती कुटं पळून चाललीया? आदी त्या दोघांस्नी हान!"

"अहो आक्का, मित्र आहेत ते. मित्रांवर तलवार कशी..."

"मित्र हायेत म्हनूनच!"

मला ते जमेना. खेळातसुद्धा जमेना, काय म्हणावं याला! शेवटी चौथ्याला तलवारीच्या मुठीनं एक ठोसा दिला, तो जागा झाला. तोवर नितीनचा वीर काठावर पोचला होता. त्याचा शेवटचा फासा पडला तीन. आठ महिने जपलेला त्याचा वीर दरीत गेला, आणि नितीन माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. हौसाक्का मात्र बोलली. "तुजा हात उटत न्हाई बग येळंवर. चांगल्या घरचा दिसतोयस."

जाता जाता तिनं सुहासला आणखी तीन गोष्टी विचारल्या. एक, घारबाईपाशी पोचलेल्याचं काय? सुहास म्हणाला, पोचला की तो तिच्यासमोर नुसता उभा राहतो. "मंग मारून उपेग न्हाई," ती म्हणाली. दुसरं, सगळ्यांना गाणं एकच ऐकू येतं का? पुस्तकात एकच होतं. तिला ते पटलं नाही. "छ्या! ज्याला त्याला आपापलं ऐकू येत आसनार. न्हाईतर कोन कशाला भुलंल?" आणि तिसरं, "तिघंबी चालाय लागलं तर मारायचं कुनी?"

सुहासनं पानं उलटली, पुन्हा उलटली. "मग सगळे मरतात, आक्का. खेळ संपतो."

"ह्ये बराबर न्हाई," ती म्हणाली. "नीट बग पुस्तकात."

त्याच वर्षी माळ विकत मागायला बिल्डरचा एजंट यायला लागला. पांढऱ्या गाडीतून यायचा, उंबऱ्याबाहेर बूट काढायचा, हौसाक्काच्या पाया पडायचा आणि तिला आई म्हणायचा. आवाज इतका मऊ की काय सांगू! पहिल्याच दिवशी त्यानं कोकरू मांडीवर घेतलं, त्यानं पॅंट ओली केली तरी हसत राहिला. दत्तूनं त्याला शब्द देऊन टाकला होता. दत्तूला वाईट म्हणवत नाही. त्याच्या पोराला शाळेत मेंढक्याचा म्हणून चिडवायचे, तेवढं एक त्याच्या मनाला लागलं होतं.

एजंट गेल्यावर हौसाक्का वर आली. मी तिला घाबरलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. "त्यो बोलत हुता आन् माजी मान हालत हुती. माजी मान! मला न इच्यारता!"

"मग जाऊ नका ना पौडला खरेदीखत करायला. घरूनच नाही म्हणा."

"तसं चालत न्हाई. पोरानं शब्द दिलाय. न्हाई म्हनायचं तर समद्यांम्होरं, तोंडावर म्हनाय लागतंय. मागनं म्हनलं तर पोराची लाज जाती." आणि मग चिमटा. असा की डोळ्यांत पाणी आलं. "ऐक. माज्यासंगं पौडाला चल. माज्या शेजारी बस. माजी मान हालाय लागली की चिमटा काड. रगत आलं तरी चालंल. म्या जागी झाले की न्हाई म्हनते."

"अहो, मीच का?"

"दत्तू आदीच चालाय लागलाय. तुला माळ पायजे न्हाई, मेंढरू पायजे न्हाई. तुला काय ऐकू येनार?"

मला हसू आलं, आणि खरं सांगतो, अभिमानही वाटला. इतक्या माणसांत तिनं मला निवडलं होतं. मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

पौडच्या नोंदणी कार्यालयात बाकावर आम्ही ओळीनं बसलो. कडेला मी, मग हौसाक्का, मग एजंट, पलीकडे दत्तू. कागद तयार होते, नंबर यायचा होता. तेवढ्यात एजंट सुरू झाला. मला वाटलं होतं तो बंगल्याचं बोलेल, गाडीचं बोलेल. तो बिरोबाचं बोलला! "आई, देव उन्हातान्हात आहे हो. आपण काळ्या दगडाचं देऊळ बांधू. खैराला हात लावणार नाही. पारावर बाबांचं नाव, खाली तुमचं. आणि मेंढरांना एक पट्टा राखीव, बारमाही पाणी." हौसाक्काची मान हलली.

मी चिमटा काढला. पण आजूबाजूला माणसं होती, वकील होते, एका म्हाताऱ्या बाईच्या दंडाला चिमटा काढतोय म्हटल्यावर लोक काय म्हणतील? हलकाच काढला. हौसाक्का पुटपुटली, "डास हाय का तू? जोरात." मी पुन्हा काढणार, तोच एजंट तिच्यावरून वाकून माझ्याकडे वळला.

"साहेब, आपण कुठले? परभणी? मग आईवडील तिकडेच? आईंची तब्येत?"

आईचे गुडघे गेले होते. मी का सांगितलं कोण जाणे, पण सांगितलं. त्यानं एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक माझ्या हातात दिलं. "हे आपल्या माळावरचंच. तिसरा मजला. गॅलरीतनं डोंगर दिसतो, आणि लिफ्ट आहे. आईंना एक पायरी चढायला नको. तुमच्यासाठी एक घर मी बाजूला ठेवतो." मी ते पुस्तक दोन्ही हातांनी धरलं. आई गॅलरीत बसून भाजी निवडतेय, असं मला स्वच्छ दिसायला लागलं.

नंबर लागला. टेबलामागच्या साहेबांनी कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "आजी, समजून, आपल्या खुशीनं देताय ना? कुणाची जबरदस्ती नाही ना?"

हौसाक्कानं आपला उजवा दंड माझ्याकडे केला. पदर सारून, उघडा.

मी पाहिला तो. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. पाहिलाच नाही, असं मी सुहासला सांगितलं, आईला सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. पण मी पाहिला. माझ्या हातात ते पुस्तक उघडं होतं आणि लिफ्ट नेमकी कुठं आहे ते मी शोधत होतो. एवढं पान बघून होऊ दे, मग काढू, असं वाटलं. बस्स, एवढंच वाटलं!

"व्हय," हौसाक्का म्हणाली आणि तिनं अंगठा दिला.

बाहेर पायऱ्यांवर ती बसली. दत्तू आणि एजंट गाडी आणायला गेले होते. मी समोर उभा. आता ती शिव्या घालेल, काठी घालेल, असं वाटत होतं, आणि घालावी असंही वाटत होतं. तिनं अंगठ्याची शाई पदराला पुसली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुला काय गायलं रं त्यानं?"

मी तिच्या शेजारी खाली बसलो. "आईसाठी घर," मी म्हणालो. "लिफ्टचं."

"मला देऊळ," ती म्हणाली. मग म्हणाली, "इच्यारलं हुतं मी तुमाला. समदीच चालाय लागली तर मारायचं कुनी. पुस्तकात न्हवतंच."

मी तिची माफी मागितली. रडत मागितली, येणारे-जाणारे बघत होते तरी. ती म्हणाली, "गप. दत्तू यील."

मेंढरं दिवाळीनंतर एका टेंपोतून जेजुरीकडच्या पाहुण्यांकडे गेली. हौसाक्का त्यांना चढवायला स्वतः उभी होती, पण हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती उड्या टाकून परत आली असती, असं दत्तू म्हणाला. खैर तोडला गेला. तीन दगड दत्तूनं घरी आणून परसात मांडले. देवळाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आमचा खेळही बंद पडला. सुहासनं तीन-चारदा फासे काढले, पण उंबरा रिकामा असायचा आणि माझा हात फाशाकडे जायचा नाही.

आणि ते घर मी घेतलं.

होय, घेतलं! मला स्वतःलाच आजही विश्वास बसत नाही. वर्षभर स्वतःला शिव्या दिल्या, सुहास म्हणाला लाज नाही का तुला, आणि तरी मी घेतलं, कारण आईचे गुडघे काही माझ्या पश्चात्तापानं बरे होणार नव्हते. तिसरा मजला, गॅलरी, समोर डोंगर. एजंटनं मला जे गायलं त्यातला शब्दन् शब्द खरा निघाला.

दोन हजार दहा साली वास्तुशांत केली. हौसाक्काला बोलवायला गेलो. वाटलं, येणार नाही. आली. लिफ्टमध्ये बसली नाही, काठी टेकत तिन्ही जिने चढून आली. आईशी चांगलं बोलली, गुडघ्याला कुठला पाला बांधायचा ते सांगितलं. मग गॅलरीत गेली, कठड्यावरून खाली वाकली आणि गाड्या उभ्या करायच्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "खैर तितं हुता."

मी तिच्याजवळ गेलो. शर्टाची बाही वर सारली आणि दंड तिच्यापुढं केला. मला तो चिमटा हवा होता हो. रक्त आलं असतं तरी चाललं असतं.

हौसाक्कानं दंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तिनं बाही हलकेच खाली ओढली आणि वरून दोनदा हात फिरवला.

"आता कशाला, लेकरा?" ती म्हणाली. "पोचलास की तू."

मग आत जाऊन ती आईशेजारी बसली आणि बशीतून चहा प्याली.